आवारातल्या आवारात

सिंधूअक्का रोज संध्याकाळी गाडी चालवीत, पण त्या कुठेही जात नसत.

धुळ्याला देवपुरात एका बंद पडलेल्या तेल गिरणीच्या आवारात त्यांचे घर होते आणि त्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू होतो. जळगावच्या महाविद्यालयातून माझी धुळ्याला ग्रंथपाल म्हणून बदली झाली, तेव्हा या खोल्या मी केवळ शांततेसाठी पसंत केल्या. पहिल्याच संध्याकाळी खालून एक टिकटिक सुरू झाली. घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा जलद, शिलाई यंत्राच्या आवाजापेक्षा कठीण. मी गच्चीच्या कठड्याशी आलो. खाली पत्र्याच्या शेडमधून फिकट हिरव्या रंगाची, लांबच लांब अशी जुनी अमेरिकी गाडी बाहेर येत होती. स्टिअरिंगमागे चष्म्याला दोरी लावलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. गाडी कडुनिंबापर्यंत गेली, थांबली, तशीच मागे शेडपर्यंत आली, पुन्हा पुढे निघाली. फाटक बंद होते. ते उघडण्यासाठी कोणी उतरले नाही. थोड्या वेळाने गाडी शेडमध्ये गेली, तिच्यावर कापड चढले आणि बाई कणीक मळायला घरात गेल्या.

आवारात त्या फेऱ्यांच्या दोन चाकोऱ्या पडल्या होत्या. पावसाळ्यात सगळीकडे गवत माजे. त्या दोन पट्ट्यांत मात्र काही उगवत नसे.

लिहिण्याचा मला सराव नाही, आणि या वयात तो सुरू करण्याचा संकोचही वाटतो. पण अक्कांबद्दल कोणी काही लिहील असे दिसत नाही. त्या ज्या लोकांत राहिल्या त्यांना त्या रोज दिसत होत्या, आणि रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल कोणी लिहीत नाही.

बरेच दिवस धीर गोळा करून मी त्यांना विचारले, "अक्का, गाडीतून काही आवाज येतो का?"

"येतो ना. तुम्हाला त्रास होतो का?"

"नाही, नाही. आपलं सहज विचारलं."

"सहज विचारणारे तुम्ही नव्हेत, सर. तुम्ही बोलण्याआधी तीनदा विचार करता आणि मग बोलतच नाही." त्या हसल्या. "तो बिघाड नाही. ती माझी हजेरी आहे."

तेवढ्यात आतून हाक आली, "अक्का!"

"आठेच शे, नाना," त्यांनी मान न वळवता घरच्या अहिराणीत उत्तर दिले: इथेच आहे.

नाना म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. वय ऐंशीच्या पुढचे, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. पक्षाघाताच्या एका झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली होती. त्यांची खाट आवाराकडच्या खिडकीला लागून होती, पण खिडकीची चौकट उंच असल्याने पडल्या जागेवरून त्यांना आभाळाचा तुकडा आणि गिरणीच्या धुरांड्याचा शेंडा एवढेच दिसे. बाकीचे जग त्यांना ऐकावे लागे. महामार्गावरच्या मालमोटारींची घरघर दिवसभर चालू असायची आणि तीत बाकीचे सगळे आवाज बुडून जात. गाडीची टिकटिक तेवढी त्या घरघरीतून धारदारपणे आत पोचे. ती पुढे गेली आणि मागे आली की नाना स्वस्थ पडून राहत. ती फाटकाच्या दिशेने जरा जास्त लांबली की हाक येई. अक्का भाजीला गेल्या तर पिशवीतला फोन वाजू लागे. मेथीची जुडी हातात धरून त्या म्हणत, "आठेच शे, नाना. चौकमां," आणि भाजीवाला तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला माप घालून मोकळा होई.

अक्कांचा कामाचा वेष ठरलेला होता. सुती लुगड्यावर वडिलांचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्याच्या एका खिशात पाना, दुसऱ्यात बडीशेपेची चपटी डबी. काम झाले की नखांतले काळे त्या बेसन आणि लिंबाने घासून काढीत आणि हात नाकाशी नेऊन वास घेत. पेट्रोलचा वास राहिला असेल तर पुन्हा घासत. "भाकरीला वास लागला की नानांना कळतं, आणि मग ते दोन दिवस गाडीशी बोलत नाहीत," असे त्या म्हणत. गाडीशी, म्हणजे त्यांच्याशी.

त्यांची आणखी एक सवय मला आरंभी विलक्षण वाटे. कोणी गावाला निघाले की अक्का त्याला रस्ता सांगत. दूधवाले, मालमोटारींचे चालक, एसटीचा एखादा वाहक, ज्याला म्हणून चाके आहेत त्याला त्या थांबवून विचारीत, आणि ती सगळी माहिती त्यांच्या डोक्यात ताजी असे. मी सुटीला जळगावला निघालो की कठड्याखालून आवाज येई, "सर, पारोळ्याच्या पुढे खणून ठेवलंय. एरंडोलपर्यंत डावीकडून जायला सांगा. आणि पाचोऱ्याची गाडी पकडू नका, ती वळसा घेते." चाळीसगावच्या घाटात धुके केव्हा उतरते, जामनेरच्या बाजाराच्या दिवशी कोणता चौक तुंबतो, हे त्यांना ठाऊक असे. यांपैकी एकाही गावाला त्या गेल्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या.

त्या यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकाधारक होत्या, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. त्यांच्या तुकडीत मुलगी अशी त्या एकट्याच. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात नाशिकच्या एका कारखान्यातून बोलावणे आले होते. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी अंथरूण धरले. "बाबा म्हणाले, थोडे दिवस थांब. मी थांबले," अक्का म्हणाल्या. मग आईचे आजारपण आले, मग वहिनींचे, मग नानांचे. "ते थोडे दिवस अजून संपायचेत." हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, एखाद्या सुट्या भागाची ऑर्डर अजून आली नाही असे सांगावे तसे त्या सांगत होत्या.

त्या टिकटिकीचा उगम मी स्वतः पाहिला. दिवाळीच्या आधी नाना भिकाभाऊंना बोलावून घेत. भिकाभाऊ ट्रॅक्टरचे मिस्त्री. रुंद हाताचे, मोकळ्या मनाचे, आणि आपल्याला इंजिनातले सारे कळते यावर पूर्ण विश्वास असलेले. ते आले की नानांची खाट दाराशी ओढली जाई, म्हणजे त्यांना काम दिसावे. भिकाभाऊ इंजिनावरचे लांब झाकण काढीत. आत बारा झडपा आणि त्यांना दाबणारे बारा लहान हात ओळीने मांडलेले दिसत; त्या हातांना खालून रेटणारी टॅपेटे आणखी आत दडलेली असत. मग ते खिशातून फट मोजायच्या पोलादी पत्त्यांचा जुडगा काढीत, त्यातली एक पातळ पत्ती निवडीत आणि प्रत्येक झडपेपाशी ती पत्ती जेमतेम सरकेल एवढी फट ठेवून वरचे नट आवळीत.

"भिकाभाऊ," एका वर्षी अक्का म्हणाल्या, "याच्यात फट ठेवायची नसते, हे मी मागल्या वर्षीही सांगितलं होतं."

"अक्का, मी बठ्ठा तालुकाना ट्रॅक्टर बांधेल शेत. माले टॅपेट शिकाडी ऱ्हायनात का तुम्ही?"

"ट्रॅक्टरचं टॅपेट भरीव असतं. तापलं की वाढतं, म्हणून फट लागते. याच्या पोटात तेल असतं. तेल स्वतःच फट भरून काढतं."

"तेल?" भिकाभाऊंनी दाराकडे पाहून डोळा घातला. "नाना, अक्का सांगस की तेल फट भरस. मंग मी काय कराले येस आठे?"

"चहा प्यायला," अक्का म्हणाल्या.

नाना हसले. हसताना त्यांच्या तोंडाची एकच बाजू वर जाई. "भिका बरोबर सांगस. ठेव फट. गाडीना आवाज येवाले पाहिजे. आवाज नही तं गाडी जिवंत शे की मरेल, कसं कळी?"

भिकाभाऊ चहा पिऊन गेले. टिकटिक वर्षभरासाठी कायम झाली. संध्याकाळी मी अक्कांना विचारले, की तुम्हाला ठाऊक आहे, हत्यारे तुमच्याकडे आहेत, मग तुम्ही ते नीट का करून घेत नाही?

त्यांनी डबी उघडून माझ्या तळहातावर बडीशेप टाकली. "नीट केलं तर आवाज बंद होईल, सर. मग रोज संध्याकाळी नानांना काय ऐकवू?"

अक्का सोशिक होत्या असा समज यावरून कोणी करून घेऊ नये. एकदा एका मोठ्या घरचे लोक लग्नाच्या वरातीसाठी गाडी मागायला आले. अक्का मनापासून खूश झाल्या. वरात म्हणजे निदान चार रस्ते तरी फिरायला मिळणार होते. नानांनी गाडी द्यायचे कबूल केले, पण चालवायला भिका बसेल, असेही खाटेवरून सांगून टाकले. "बाईमाणूस वरात चालवी तं लोक काय म्हनतीन?" अक्का शेडकडे निघून गेल्या. ठरल्या सकाळी भिकाभाऊ नवा सदरा घालून आले, वरपक्षाची पोरे हारांचे टोपले घेऊन आली, आणि गाडी काही केल्या सुरू होईना. भिकाभाऊंनी घाम गाळला. अखेर मंडळी दुसरी गाडी शोधायला निघून गेली. दुपारी अक्कांनी मला बडीशेपेची डबी उघडून दाखवली. बडीशेपेत अंगठ्याएवढा एक काळा तुकडा होता. ठिणगी वाटून देणारा, ज्याच्याशिवाय इंजिन पेटत नाही असा.

"इंजिन चालवायला भिकाभाऊ, आणि समजून घ्यायला मी? असं नाही चालणार," त्या म्हणाल्या. आतून नानांचा आवाज आला, "अक्का, सापडना का बिघाड?" "हां, सापडना, नाना. डबीमां व्हता." मग आतून नानांच्या हसण्याचा तो अर्धा आवाज आला. भावाबहिणीत असलेही काही होते, हे सांगितले नाही तर नानांवर अन्याय होईल.

मग जळगावहून वाणी सरांचा फोन आला. ते अक्कांचे पदविकेच्या तुकडीतले सोबती. निवृत्तीनंतर त्यांनी मुलींसाठी वाहन दुरुस्तीचे एक छोटे प्रशिक्षण केंद्र उभे केले होते. त्यांना आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, कोणीतरी जुने इंजिन उघडून शिकवणारे हवे होते. अक्कांनी फोन लाउडस्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला पायऱ्यांवर ऐकू आले.

"आजच्या गाड्यांत पोरींना दाखवायला काही उरलं नाही, सिंधू. झाकण काढलं की खाली दुसरं झाकण. तुझी ती गाडी आहे ना अजून? ती घेऊन ये. झडप कशी उघडते ते त्यांना डोळ्यांनी दिसू दे."

अक्कांनी हातातला पाना पुसून खिशात ठेवला आणि विचारले, "कोणत्या शनिवारपासून?"

त्या दोन आठवड्यांत मी अक्कांना जसे पाहिले तसे आधी कधी पाहिले नव्हते. त्यांनी टायर बदलून घेतले. वाहन परवान्याची मुदत तपासली. रत्नाबाई नावाच्या शेजारणीला नानांजवळ दिवसभर बसायला तयार केले. नानांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. नाना म्हणाले होते, "जाय ना. कोन अडायस तुले?" आणि त्या रात्री ते जेवले नव्हते.

राहिले होते इंजिन. गुरुवारी दुपारी अक्कांनी मला खाली बोलावले आणि हातात विजेरी दिली. "धरा. आणि हात हलवू नका. भीती वाटली तर दुसरीकडे बघा, पण विजेरी इथेच ठेवा."

"अक्का, आवाज बंद होईल ना?"

"होऊ दे. चुकीचं बसवलेलं इंजिन घेऊन मी वर्गात जाणार नाही. पोरी पहिल्या दिवशी जे बघतात तेच त्यांना जन्मभर खरं वाटतं."

त्यांनी झाकण काढले, पुढून लांब पान्याने इंजिन हाताने फिरवून एका जागी आणले आणि पहिल्या झडपेवरचा नट सैल केला. झडपेच्या हाताखाली बोटाएवढी जाड एक दांडी उभी होती. अक्कांनी ती डाव्या हाताच्या चिमटीत धरली आणि उजव्या हाताने नट हळूहळू आवळू लागल्या. आवळताना त्या दांडी चिमटीत सारखी फिरवीत होत्या, वात वळावी तशी.

"फिरते आहे... फिरते आहे... आता जड झाली. बघा, बोटांना कळतं. फट संपली." मी पान्याकडे पाहिले. मला वाटले, झाले. "इथे सगळे थांबतात," त्या म्हणाल्या. "इथे थांबायचं नाही. अजून अर्धा फेरा." त्यांनी पाना अर्धे वर्तुळ फिरवला. "आत एक दट्ट्या असतो. त्याला मोकळं सोडलं तर तो वरच्या टोकाला जाऊन अडकतो. थोडं दाबून ठेवलं की त्याला वर-खाली, दोन्हीकडे जागा मिळते."

बाराही झडपा त्यांनी अशाच बसवल्या. माझा हात आखडला, पण विजेरी मी हलू दिली नाही. उन्हे कलली तेव्हा झाकण लागले. अक्का आत बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. सुरुवातीला थोडी खडखड झाली, मग ती विरली, आणि मग मी चकित झालो: गाडी चालू होती आणि काहीच ऐकू येत नव्हते. बॉनेटवर हात ठेवला तेव्हा कुठे तळहाताला बारीक थरथर कळली. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी समाधान म्हणेन.

"अक्का!" आतून हाक आली. "गाडी बंद कशी पडनी?"

"बंद नही शे, नाना. चालू शे."

"माले ऐकू येस नही!"

"नीट कयी ना, म्हनीसन ऐकू येस नही."

"अक्का! कोठे शे तू?"

त्या उतरून आत गेल्या. इंजिन तसेच चालू राहिले. खिडकीतून मला नानांचा आवाज ऐकू आला, आणि त्यात चीड नव्हती, हेच मला अधिक अस्वस्थ करून गेले. "तू जाशी," ते म्हणत होते. अक्का म्हणाल्या, "शनिवारले. संध्याकाळले परत." नाना म्हणाले, "जानारा बठ्ठा असंच सांगतस."

शनिवारी सकाळी मी फाटक उघडले. इतक्या वर्षांत त्या फाटकातून गाडी बाहेर पडताना मी प्रथमच पाहत होतो. अक्कांनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. वडिलांचा शर्ट घडी करून शेजारच्या आसनावर ठेवला होता. त्यांनी मला हात केला नाही. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. गाडी आवाज न करता वळली आणि दिसेनाशी झाली.

दुपार व्हायच्या आत ती परत आली.

रत्नाबाई धावत बाहेर गेल्या. "अक्का, काय व्हयनं? नाना तं झोपेल शेत." अक्का आत गेल्या. नाना खरोखरच गाढ झोपले होते आणि त्यांचा फोन खाटेखाली पडला होता. अक्का बाहेर येऊन पुन्हा गाडीत बसल्या. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला. पाणी पिऊन झाल्यावर त्या स्वतःशी बोलल्यासारख्या बोलल्या.

"निघाल्यापासून फोन वाजत होता. मी उचलला नाही. वाजत होता तोवर चालवत राहिले. पारोळ्याला पोचले आणि तो वाजायचा थांबला." त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "मग मला पुढे जाता येईना, सर. पाय क्लचवरून निघेना."

त्याच दुपारी त्यांनी वाणी सरांना आपण येऊ शकत नसल्याचे कळवले. पुढचे पाच-सहा दिवस कापड गाडीवरच राहिले. संध्याकाळच्या फेऱ्याही बंद झाल्या. आतून हाक आली की "आठेच शे" हे उत्तर येई, पण ते आता भिंतीवर टाकल्यासारखे येई. दूधवाल्याने आपण होऊन सांगितले की एरंडोलजवळचे काम संपले, रस्ता चकाचक झाला. अक्का म्हणाल्या, "मला काय करायचंय?" असे त्यांना म्हणताना मी कधी ऐकले नव्हते. भाकऱ्या करपू लागल्या. एका संध्याकाळी मी जिन्यावर बसून होतो आणि मला वाटले की आता हे असेच राहणार. हे फाटक, हे धुरांडे आणि मध्ये ही दोन म्हातारी माणसे, एकमेकांना धरून ठेवलेली.

शुक्रवारी दिवेलागणीला खालून अक्कांचा आवाज आला. तो मोठा नव्हता.

"नाना, मी सकायले जळगाव जाई ऱ्हायनू. तुम्ही आठे रत्नाबाईबरोबर थांबा, नही तं गाडीमां बसा. तिसरं काही नही."

आत खाट करकरली.

"मी काय मांगे बसनारा माणूस शे का?" अखेर नाना म्हणाले. ती गाडी एकेकाळी तेच चालवीत असत.

"मंग पुढे बसा."

"लोक हासतीन."

"मी तं रोज आवारमां गाडी पुढे-मांगे करस. माले हासनात ना लोक? मी मरनू का?"

यावर नानांनी काय म्हटले ते मला ऐकू आले नाही. सकाळी मात्र अक्कांनी वाणी सरांना येते म्हणून कळवले होते आणि भिकाभाऊंना निरोप पाठवला होता. नानांना वेताच्या खुर्चीत बसवून भिकाभाऊंनी आणि मी उचलले. ते अपेक्षेपेक्षा हलके होते. डोक्यावर त्यांनी इस्त्रीची पांढरी टोपी घातली होती आणि ती वाकडी होऊ नये म्हणून मान ताठ धरली होती. रत्नाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा बांधून दिला. अक्कांनी गाडी सुरू केली. भिकाभाऊ कान देऊन उभे राहिले, मग त्यांनी बॉनेटवर तळवा टेकवला.

"चालू शे का?"

"शे."

"फट नही ठेवी?"

"नही."

भिकाभाऊंनी तळवा काढला, त्याकडे पाहिले आणि सदऱ्याला पुसला. "ट्रॅक्टरनी गोट वेगळी ऱ्हास," ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, "वेगळीच ऱ्हास, भिकाभाऊ. तुम्हना चहा बाकी ऱ्हायना. संध्याकाळले या." फाटकातून बाहेर पडताना नाना समोर पाहत नव्हते. ते अक्कांच्या हातांकडे पाहत होते.

त्यानंतर दर शनिवारी दोघे जाऊ लागली. काही शनिवार चुकले. नानांना ताप आला, एकदा तर अर्ध्या वाटेवरून परतावे लागले. जाण्यायेण्याने नाना थकत आणि रविवारभर कण्हत. अक्काही थकत, पण त्या कण्हत नसत. त्यांनी काय शिकवले, मुली कशा आहेत, असे मी विचारले की त्या म्हणत, "एकदा येऊन बघा ना." मी जाईन म्हणे आणि जात नसे, परक्या वर्गात जाऊन उभे राहणे माझ्या स्वभावात नाही. पुढे माझी जळगावला पुन्हा बदली झाली. मी धुळे सोडले तेव्हा अक्का नानांना भरवीत होत्या. उंबऱ्यातूनच त्यांनी मला कोणत्या बाजूने जायचे ते सांगितले.

जळगावला आल्यावर एका शनिवारी धीर करून मी त्या प्रशिक्षण केंद्रात गेलो. शहराबाहेर, केळीच्या बागा संपतात तिथे एक पत्र्याची इमारत आणि समोर मोकळी जागा होती. तिथे चिंचेच्या सावलीत ती फिकट हिरवी गाडी उभी होती. बॉनेट उघडे होते आणि सात-आठ मुली, ओढण्या कमरेला बांधून, त्यात वाकल्या होत्या. मध्ये अक्का होत्या, वडिलांच्या शर्टात. उघड्या बॉनेटने समोरची काच पूर्ण झाकली होती. काचेमागे नाना बसलेले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे एक हिरवा पत्रा होता. त्यापलीकडे बहीण होती. ती दिसत नव्हती आणि तिचे इंजिन ऐकू येत नव्हते.

मी फाटकाशी थबकलो. धुळ्याचे आवार मला आठवले, आणि येथेही दोघांमधले अंतर तेवढेच, गाडीच्या लांबीइतकेच आहे, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहिले नाही.

"अक्का!" गाडीतून हाक आली.

अक्कांनी एका मुलीची बोटे दांडीवर ठेवली होती. मुलगी बारीक, घाबरलेली. तिच्या दुसऱ्या हातात पाना होता.

"फिरव," अक्का म्हणाल्या. "फिरवत फिरवत आवळ. घाई नाही."

"अक्का! कोठे शे तू?"

मुलीने पाना थांबवून मान वर केली. "मॅडम, गाडीतले बाबा बोलवताहेत."

"बोलवू दे."

"पण मॅडम..."

"आवाज खणखणीत आहे ना? मग ते ठीक आहेत. हाक थांबली तर मी जाईन. तू बोट काढू नकोस."

मुलगी पुन्हा वाकली. बाकीच्या मुलीही वाकल्या. नाना हाका मारीत होते. थोड्या थोड्या वेळाने, न चिडता, आपण उत्तराची वाट पाहत नसल्यासारखे. अक्कांनी एकदाही मान वळवली नाही. मला पुढे जाववेना. त्यांनी मला पाहिले असते तर त्यांना ते काम सोडून माझ्याशी बोलावे लागले असते.

मी आल्या वाटेने परत निघालो. रस्त्याला लागलो तरी हाक ऐकू येत होती, आणि दोन हाकांच्या मधे अक्कांचा स्वच्छ आवाज: "जड झाली? छान. आता न घाबरता पुढे."